एरर आला, आता विचारायचे काय?

इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना ज्याच्या डोळ्यांसमोर पूल, इंजिन किंवा रासायनिक कारखाना असतो, त्यालाही पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचा एक विषय घ्यावाच लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात ‘प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा पायथनचा विषय सर्व शाखांना समान होता. मुंबई विद्यापीठाच्या त्याच सुमाराच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला सी प्रोग्रॅमिंग होते. संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, वाणिज्य अशा शाखांतही हा विषय आता पोहोचला आहे. साहजिकच वर्गात असे बरेच विद्यार्थी असतात, ज्यांना कोडिंगची ओढ नसते. बॅक किंवा केटी लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

या विद्यार्थ्यांचा एक अनुभव सगळीकडे सारखा आढळतो. सरांनी फळ्यावर सोडवलेला प्रोग्रॅम ओळ न ओळ समजतो. मित्राने पाठवलेला कोड लॅबमध्ये चालतो, आउटपुट येते, जर्नलवर सही होते. प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र त्याच प्रश्नात ‘पाच संख्यां’ऐवजी ‘कितीही संख्या’ असे आले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मदत तर भरपूर मिळालेली असते. मग ती ऐन वेळी कामी का येत नाही?

कारण मिळालेली मदत बहुधा कोडची असते आणि उणीव वेगळ्याच गोष्टीची असते. ती उणीव नेमकी कशाची, हे कळले की मदत कोणाकडे, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची हेही ठरवता येते.

लिहिण्याच्या आधी वाचणे

२००१ साली मायकेल मॅकक्रॅकन यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक शिक्षण पूर्ण केलेल्या या विद्यार्थ्यांना साध्या कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम लिहायचा होता. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. शिक्षकांनी धरलेल्या अंदाजाहून हे फारच कमी होते. प्रश्नाचे तुकडे पाडून तो सोडवण्याची सवय मुलांना नाही, असे त्याचे कारण तेव्हा पुढे आले.

तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण पुन्हा तपासले. सात देशांतील विद्यार्थ्यांना त्यांनी १२ बहुपर्यायी प्रश्न दिले. इथे स्वतः काही लिहायचे नव्हते. काही प्रश्नांत छोटा कोड वाचून शेवटी उत्तर काय येईल ते सांगायचे होते, काहींत गाळलेल्या जागी कोणती ओळ बसेल ते ओळखायचे होते. पुष्कळांना हेही जमले नाही. म्हणजे अडचण लिहिण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. समोर असलेला कोड यंत्र कसा चालवील, हेच मनात दिसत नव्हते.

ज्याला कोड वाचता येत नाही त्याच्या हातात आणखी एक तयार कोड दिला, तर न वाचता येणारा मजकूर तेवढा वाढतो.

यंत्राला हेतू कळत नाही

अमेरिकी संशोधक रॉय पी यांनी १९८६ साली नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास करताना एक मूळ गैरसमज दाखवून दिला आणि त्याला ‘सुपरबग’ असे नाव दिले. संगणकाच्या आत कुठेतरी एक समजूतदार मन आहे आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते, असे नवशिक्या नकळत धरून चालतो. माणसांशी बोलताना हे गृहीतक बरोबरच असते. ‘जरा ते इकडे दे’ म्हटले की समोरचा माणूस ‘ते’ म्हणजे काय हे ओळखतो. यंत्र ओळखत नाही. त्याला दिसते ती फक्त आत्ताची ओळ आणि आत्ता साठवलेल्या किमती.

बेनेडिक्ट ड्यू बूले या ब्रिटिश संशोधकाने याच काळात ‘नोशनल मशीन’ ही कल्पना मांडली. चिप, विद्युतप्रवाह, मेमरीचे पत्ते हे सगळे माहीत असण्याची गरज नसते. पण ‘ही भाषा चालवणारे यंत्र कोणत्या क्रमाने जाते, काय लक्षात ठेवते आणि काय विसरते’ याचे साधे, पण बरोबर चित्र डोक्यात असावे लागते. प्रोग्रॅमिंग शिकणे म्हणजे मोठ्या प्रमाणात हे चित्र तयार होणे.

या चित्रातली पहिली अडचण बरोबरच्या चिन्हापाशीच येते. शाळेच्या बीजगणितात ‘क = क + १’ हे अशक्य समीकरण असते. सी आणि पायथनमध्ये मात्र असली ओळ जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असते. किराणा दुकानातली उधारीची वही इथे उपयोगी पडते. वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे बाकी लिहिलेली असते, २६०. आज ४० रुपयांची साखर नेली. दुकानदार आधी जुनी बाकी वाचतो, तीत ४० मिळवतो, २६० वर काट मारतो आणि ३०० लिहितो. ‘बाकी = बाकी + ४०’ या ओळीचा अर्थ एवढाच आहे: उजवीकडचा हिशेब आधी करायचा, आलेली रक्कम डावीकडच्या नावापुढे लिहायची, जुनी रक्कम गेली. बरोबरचे चिन्ह इथे आज्ञा देते. दोन बाजू समान असल्याचे सांगत नाही. समान आहे का, हे विचारण्यासाठी या भाषांत दोन बरोबरची चिन्हे जोडून लिहितात. सीमध्ये अट लिहिताना त्यांतले एक गळले, तर अट तपासली जाण्याऐवजी किंमतच बदलते आणि कंपायलर फार तर इशारा देऊन पुढे जातो.

कागदावरचा ट्रेस

मनात यंत्राचे चित्र आहे की नाही हे पाहण्याची आणि नसेल तर ते तयार करण्याची सर्वांत खात्रीची रीत म्हणजे ट्रेस: कोड कागदावर स्वतः चालवून पाहणे. जर्नलमध्ये हमखास असणारे एक उदाहरण घेऊ. तीन विषयांचे गुण १२, १५ आणि ९ आहेत. सरासरी १२ यायला हवी. विद्यार्थ्याने लिहिलेल्या पायऱ्या अशा:

ओळ १: यादीतला एकेक गुण घे आणि प्रत्येकासाठी ओळ २ व ३ कर
ओळ २: बेरीज = ०
ओळ ३: बेरीज = बेरीज + गुण
ओळ ४: फेऱ्या संपल्यावर सरासरी = बेरीज / ३

प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, उत्तर मात्र ३ येते. आता कागदावर चार रकाने आखायचे.

फेरी | गुण | ओळ २ नंतर बेरीज | ओळ ३ नंतर बेरीज
१ | १२ | ० | १२
२ | १५ | ० | १५
३ | ९ | ० | ९

तिसऱ्या रकान्यातली तीन शून्ये पाहिली की आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. ‘बेरीज = ०’ ही ओळ फेऱ्यांच्या आत अडकली आहे, म्हणून प्रत्येक फेरीत आधीची जमा पुसली जाते. ती ओळ फेऱ्यांच्या वर नेली की बेरीज १२, २७, ३६ अशी वाढते आणि सरासरी १२ येते.

ज्याने हा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने भरला, त्याला ‘पाच संख्यां’च्या जागी ‘कितीही संख्या’ आल्या तरी फार फरक पडत नाही. फेऱ्या वाढतात, रकाने तेच राहतात. दोन-तीन मिनिटांचे हे काम आहे, आणि तरीही बहुतेक विद्यार्थी ते टाळतात, कारण स्क्रीनवर काहीतरी बदलून पुन्हा ‘रन’ दाबणे सोपे वाटते. मदत करणाऱ्याने आधी हा कागद मागावा. कागद कोरा असेल तर दोघांनी मिळून तो भरावा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

कागदावर करायचे हेच काम स्क्रीनवर दाखवणारे ‘पायथन ट्यूटर’ हे मोफत साधन फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये तयार केले. त्यात कोडची एकेक ओळ पुढे सरकवता येते आणि बाजूला प्रत्येक नावाची त्या क्षणीची किंमत दिसते. नाव पायथनचे असले तरी त्यात सी, सी प्लस प्लस आणि जावाही चालतात. मात्र आधी कागदावर अंदाज लिहून मग पुढची ओळ दाबली तरच त्याचा पुरता उपयोग होतो.

एरर तीन प्रकारचे, उपाय तीन प्रकारचे

‘एरर येतोय’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली भाषेच्या व्याकरणाची: सेमीकोलन राहिला, कंस बंद केला नाही, पायथनमध्ये ओळीपुढची मोकळी जागा कमी-जास्त झाली. असा कोड सुरूच होत नाही. सीमध्ये सेमीकोलन गळल्याचा एरर पुष्कळदा पुढच्या ओळीवर दाखवला जातो आणि नवशिक्या त्या निर्दोष ओळीकडे पाहत बसतो. याचे कारण सोपे आहे. कंपायलर एकेक शब्द वाचत जातो. आधीचे वाक्य संपलेच नव्हते हे त्याला पुढचे वाक्य सुरू झाल्यावर कळते. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही तपासायची. सीमध्ये एका चुकीतून दहा एरर निपजतात, त्यामुळे यादीतला पहिला एरर आधी दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचे. बाकीचे बरेचसे आपोआप जातात.

दुसरा प्रकार कोड चालता चालता मध्येच थांबण्याचा. पायथनमध्ये कीबोर्डवरून घेतलेली संख्या ही मुळात अक्षरांची माळ असते. तिचे ‘इंट’ने संख्येत रूपांतर केले नाही आणि ती बेरजेत मिळवायला गेले की ‘टाइपएरर’ येतो. असा एरर आला की पायथन लांबलचक मजकूर छापतो. तो तळापासून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत काय बिघडले ते असते, तिच्या वर कुठे बिघडले ते. सीमध्ये यादीच्या वरच्या टोकापासून, पायथनमध्ये मजकुराच्या तळापासून, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धी भीती जाते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. कोड व्यवस्थित चालतो, एरर येत नाही आणि उत्तर चुकते. फॅरनहाइटचे सेल्सिअस करण्याचा प्रोग्रॅम हे त्याचे ठसठशीत उदाहरण. सीमध्ये सूत्र ‘५ / ९ * (फॅ − ३२)’ असे लिहिले तर कोणतेही तापमान दिले तरी उत्तर ० येते. ५ आणि ९ या दोन्ही पूर्णांक संख्या असल्यामुळे सी त्यांचा भागाकारही पूर्णांकातच करते, ०.५५५ मधला अपूर्णांक टाकला जातो, उरते शून्य, आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच. ५ च्या जागी ५.० लिहिले की ९८.६ चे ३७ होतात. पायथन ३ मध्ये तेच सूत्र पहिल्यापासून बरोबर चालते, कारण तिथे तिरप्या रेघेचा भागाकार अपूर्णांक राखतो. मित्राच्या पायथन कोडवरून सीचा कोड ‘बनवणाऱ्या’ विद्यार्थ्याची गाडी इथे हमखास अडते.

क्रमगुणिताच्या, म्हणजे फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅममध्येही हेच घडते. अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये बोरलँड कंपनीचे १९८७ सालचे टर्बो सी वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात साध्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात, म्हणजे ३२७६७ च्या वर मोजता येत नाही. ७ चे फॅक्टोरियल ५०४० बरोबर येते. ८ चे ४०३२० यायला हवे, त्याऐवजी स्क्रीनवर उणे २५२१६ दिसते. घरच्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर असेल तर १२ पर्यंत सगळे ठीक चालते आणि १३ ला आकडा बिघडतो, कारण तिथे पूर्णांकाला ३२ बिट मिळतात. दोन्ही ठिकाणी कोड एकच आणि सूत्र बरोबर. म्हणून मदत मागताना भाषा, कंपायलर आणि आवृत्ती सांगावी लागते. स्क्रीन पुसण्याचे टर्बो सीतले फंक्शन जीसीसीत नाही, एवढ्या क्षुल्लक गोष्टीपायीही एक संध्याकाळ वाया जाऊ शकते.

विचारायचे कसे

‘प्रोग्रॅम चालत नाहीये, बघ ना’ या निरोपाला बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात: मौन किंवा तयार कोड. मदत करणाऱ्यालाही तेच सोपे असते. दुसऱ्याच्या मनातला गोंधळ शोधण्यापेक्षा दहा ओळी स्वतः लिहून पाठवणे लवकर होते. चांगला प्रश्न मदत करणाऱ्याचे हे काम हलके करतो, म्हणून त्याला चांगले उत्तर मिळते.

*चौकट: उत्तर मिळवून देणारा प्रश्न*

“दादा, पायथन ३ मध्ये सरासरी काढतोय. गुण १२, १५, ९ दिले. उत्तर १२ यायला हवे, ३.० येतेय. एरर नाही. प्रत्येक फेरीत ओळ २ नंतर बेरीज छापून पाहिली तर ती परत ० होते. ओळ २ मुळे होत असेल का? कोड खाली टाइप करून पाठवलाय, फोटो नाही.”

यात सात गोष्टी आल्या: भाषा आणि आवृत्ती, नेमके इनपुट, अपेक्षित उत्तर, मिळालेले उत्तर, एरर आहे की नाही, स्वतः केलेली तपासणी आणि स्वतःचा अंदाज. एरर असेल तर त्याचा मजकूर जसाच्या तसा द्यावा.

कोड मोठा असेल तर चूक कायम राहील एवढा लहान करून पाठवावा. दोनशे ओळींतल्या एकशे ऐंशी ओळी काढल्यावरही तेच चुकीचे उत्तर येत असेल, तर चूक उरलेल्या वीस ओळींत आहे. ओळी काढताना मध्येच उत्तर सुधारले, तर नुकत्याच काढलेल्या ओळींत काहीतरी दडले आहे. ही काटछाट करताना बरेचदा प्रश्न पाठवायची गरजच उरत नाही.

मोठ्याने समजावून सांगण्यातही हीच ताकद आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकामुळे ‘रबर डक’ची रीत जगभर पोहोचली: टेबलावर रबराचे बदक ठेवायचे आणि त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. वाचताना नजर ओळखीच्या ओळींवरून घसरत जाते. बोलताना मात्र प्रत्येक ओळीसाठी एक वाक्य तयार करावे लागते आणि जिथे वाक्य सुचत नाही तिथे समज अपुरी असते. ऐकणाऱ्याला कोडिंग यावे लागत नाही. होस्टेलच्या खोलीत कॉमर्सचा मित्र असला तरी चालतो, आणि बोलणे मराठीतच असावे. इंग्रजी पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे म्हणता येते, पण ‘इथे फेरी संपते, मग यंत्र परत वरच्या ओळीकडे जाते’ हे स्वतःच्या भाषेत म्हणायला ते कळलेले असावे लागते.

कधी विचारायचे

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये एक महत्त्वाची मांडणी केली. प्रोग्रॅमिंगमधल्या संकल्पना एकमेकींत घट्ट गुंतलेल्या असतात. व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारे नाव, कळले की अट सोपी जाते, अट कळली की फेऱ्या, फेऱ्या कळल्या की यादी. उलटही तितकेच खरे: पहिला दुवा निसटला की दुसरा अवघड होतो, तिसरा त्याहून अवघड. ज्या विषयांत पाठ एकमेकांपासून सुटे असतात, तिथे एक पाठ बुडाला तरी पुढचा नव्याने धरता येतो. इथे तसे होत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गात ‘येणारे’ आणि ‘न येणारे’ असे दोन तट पडलेले दिसतात, त्याला जन्मजात बुद्धीपेक्षा हे साठत जाणे जास्त जबाबदार असते.

नावड हीसुद्धा पुष्कळदा या साखळीतून येते. तिसऱ्या आठवड्यात न विचारलेला एक प्रश्न दहाव्या आठवड्यात ‘मला हे जमणारच नाही’ या वाक्यात बदलतो. जगभरातील विद्यापीठांकडून माहिती मागवून येन्स बेनेडसेन आणि मायकेल कॅस्परसन यांनी २००७ मध्ये काढलेले प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या विषयातले उत्तीर्ण होण्याचे सरासरी प्रमाण ६७ टक्के होते. तिघांपैकी एकाला जी गोष्ट जड जाते, ती विचारण्यात लाज वाटण्याचे काही कारण नाही. आणि ‘एवढेही येत नाही?’ असे म्हणून एखाद्या मुलीला किंवा मुलाला गप्प करणारा शिक्षक किंवा सीनियर तिचे किंवा त्याचे खरोखर नुकसान करत असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री मागितलेल्या मदतीत समजावून सांगायला वेळच नसतो, त्यामुळे ती कोडच्याच रूपात येते. स्वतः वीस-पंचवीस मिनिटे झटूनही पुढे सरकता आले नाही की त्याच आठवड्याच्या प्रॅक्टिकलला विचारून घेणे उत्तम.

कीबोर्ड कोणाच्या हातात

लॅबमध्ये नेहमी दिसणारे दृश्य: मदतीला आलेला मित्र खुर्ची पुढे ओढतो, माउस हातात घेतो, भराभरा चार ओळी बदलतो, आउटपुट येते, ‘झालं’ म्हणून निघून जातो. चार ओळी का बदलल्या हे त्याच्याच डोक्यात राहते. इथे एक नियम पाळला तरी मदतीचा दर्जा बदलतो: कीबोर्ड शिकणाऱ्याकडेच राहील, मदत करणारा फक्त बोलेल. त्याला मग ‘सातव्या ओळीवर काय होतेय असे तुला वाटते?’ असे विचारावेच लागते.

व्यावसायिक प्रोग्रॅमरांमध्ये ‘पेअर प्रोग्रॅमिंग’ची पद्धत आहे. एका संगणकापुढे दोघे बसतात, एक टाइप करतो, दुसरा प्रत्येक ओळ तपासत पुढचा विचार करतो, आणि ठरावीक वेळाने जागा बदलतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या लॉरी विल्यम्स यांनी ती विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये अभ्यासली आणि रुजवली. आपल्याकडे एका संगणकावर दोघे-तिघे बसवणे ही जागेअभावी झालेली तडजोड असते. बहुतेक गटांत ज्याला येते तोच शेवटपर्यंत टाइप करतो. प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांनी किंवा मॅडमनी दर पंधरा मिनिटांनी जागा बदलायला लावली, तर त्याच तडजोडीतून शिकणे घडू शकते. जोडीदार फार पुढचा नसावा. ज्याला नुकतेच समजले आहे तो मित्र स्वतःला लागलेल्या ठेचा अजून विसरलेला नसतो.

तयार कोड हाती आलाच तर

सोडवलेले उदाहरण वाईट नसते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की नवशिक्याने सारखी नवी गणिते सोडवत राहण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासली तर तो लवकर शिकतो. एका वेळी मनात मोजक्याच गोष्टी धरता येतात; उत्तर शोधण्याच्या धडपडीतच त्या सगळ्या खर्ची पडल्या तर पद्धत लक्षात ठेवायला जागा उरत नाही. फरक फक्त अभ्यासण्यात आणि उतरवण्यात आहे. मिळालेला कोड चालवण्याआधी आउटपुट काय येईल ते कागदावर लिहावे. मग त्यात एक बदल करावा, उदाहरणार्थ फेऱ्या १ ऐवजी ० पासून सुरू कराव्यात, आणि पुन्हा अंदाज लिहावा. दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडून तोच प्रोग्रॅम न पाहता लिहावा. जिथे हात अडतो ती जागा पुढच्या मदतीसाठी नोंदवून ठेवावी.

कोऱ्या फाइलची धास्ती वाटत असेल तर त्याआधीची एक पायरी आहे. न्यूझीलंडच्या ओटागो पॉलिटेक्निकमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये कोडच्या विस्कटलेल्या ओळी योग्य क्रमाने लावण्याचे कोडे सुचवले. आज ते ‘पार्सन्स प्रॉब्लेम’ म्हणून ओळखले जाते. त्यासाठी कात्री पुरते. जर्नलची प्रिंट काढायची, ओळी कापून वेगळ्या करायच्या, मिसळायच्या आणि क्रमाने मांडायच्या. कोणती ओळ फेऱ्यांच्या आत जाईल आणि कोणती बाहेर राहील, एवढाच प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत मोलाचा असतो.

नुसता उतरवलेला कोड व्हेरिएबलची नावे बदलून लपत नाही, हेही माहीत असलेले बरे. अलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेली ‘मॉस’ ही प्रणाली परदेशांतील अनेक विद्यापीठे वापरतात. ती नावे आणि मोकळ्या जागा दुर्लक्षून कोडची रचना लहान लहान तुकड्यांत मोडते आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा दुसऱ्या फाइलींतील ठशांशी ताडून पाहते. ‘बेरीज’चे ‘एकूण’ केले तरी ठसा तोच राहतो.

एआयला विचारताना

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि मदत मागण्याची वेळ-काळाची अडचण संपली. रात्री दोन वाजताही ते उत्तर देते, मराठीत विचारलेले समजते आणि कंटाळत नाही. ज्याला वर्गात हात वर करायचा संकोच वाटतो त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण मागितला तर ते क्षणात पूर्ण कोड देते, आणि मित्राच्या कोडने जे नुकसान होते तेच इथे जास्त वेगाने होते. शिवाय त्याचे उत्तर अफाट मजकुरातून शिकलेल्या शब्दांच्या संगतीवर उभे असते. समोरचा कोड त्याने चालवून पाहिलेला असेलच असे नाही. त्यामुळे एखाद्या फेरीचे आउटपुट ते पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचेही सांगू शकते. ते पकडायला पुन्हा तोच कागदावरचा तक्ता लागतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस५०’ या नवशिक्यांच्या अभ्यासक्रमाने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एआयचा मदतनीस आणला. त्याला बदकाचेच रूप दिले आहे. तयार उत्तर न देता विद्यार्थ्याला उत्तराच्या दिशेने न्यावे, अशी त्याची रचना आहे. साध्या चॅटमध्येही हे बंधन शब्दांत घालता येते: ‘मला दुरुस्त कोड देऊ नकोस. माझ्या कोडच्या प्रत्येक ओळीनंतर बेरीज किती होईल ते मला एकेक करून विचार आणि माझे उत्तर चुकले तर तिथेच थांबव.’ असाइनमेंटला एआय वापरण्याबाबत कॉलेजचा नियम काय आहे, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

मराठीतून आणि घरबसल्या

ज्यांच्याजवळ विचारायला सीनियर नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात सी भाषेचे छोटे पाठ मराठी आवाजात मोफत मिळतात. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला स्वतःची कोडची खिडकी, दोन वाक्ये ऐकून थांबायचे आणि तेच करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर आयआयटी खरगपूरच्या अनुपम बसू यांचा सीवरचा आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनवरचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे; दुसरा नवशिक्याला थोडा जड जातो, म्हणून फेऱ्या आणि यादी पक्की झाल्यावर तो घ्यावा.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीतही लिहिता येतात. ‘बेरीज’, ‘गुण’, ‘सरासरी’ ही नावे जशीच्या तशी चालतात. ‘फॉर’, ‘इफ’, ‘प्रिंट’ हे भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे रोमन लिपीत ठेवावे लागतात. जर्नलमध्ये हे चालेल की नाही ते सरांवर अवलंबून आहे, पण सरावाच्या फाइलीत कोणतीच आडकाठी नाही. कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपण दिलेला, हे अशा फाइलीत पहिल्याच नजरेत वेगळे दिसते.